गाडीने कोणाला ओळखावे?

दसऱ्याला कुठल्याही मोठ्या शोरूमसमोर नव्या गाड्यांची रांग लागते. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकांखाली लिंबे आणि मालकाच्या हातात फोटोपुरती दिलेली हातभर लांब पुठ्ठ्याची किल्ली. फोटो झाला की ती किल्ली पुढच्या गिऱ्हाइकासाठी परत जाते आणि मालकाच्या हाती खरी वस्तू पडते. आता ती किल्लीसारखी दिसत नाही. कधी ती बटणांची काळी गुळगुळीत डबी असते, कधी एटीएम कार्डासारखे पातळ कार्ड. कधी तर हातात काहीच पडत नाही. "साहेब, जरा फोन द्या तुमचा," असे म्हणून विक्रेता दोन-चार ठिकाणी बोट टेकवतो आणि फोनचीच किल्ली करून देतो.

माहितीपत्रकात या तिन्ही गोष्टी 'सोयी'च्या रकान्यात असतात, सनरूफ आणि सीटकव्हरच्या शेजारी. गिऱ्हाईकही त्या तशाच घेते. पण किल्लीची निवड सोयीपुरती नाही. आपण जवळ आहोत याची खात्री गाडी कशी करून घेते, आणि आपली किल्ली दिवसभरात किती जणांच्या हाती द्यावी लागते, या दोन गोष्टी विचारल्याशिवाय ती करूच नये. पहिला प्रश्न तंत्राचा आहे. दुसरा आपल्या राहणीचा आहे, आणि गाड्यांच्या जाहिरातींत तो कधीच येत नाही.

आधी तंत्र. लोखंडी किल्ली कुलपात घालायची तर माणसाला दारापाशी यावेच लागे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रेनोने 'फुएगो' या गाडीत दुरून दार उघडणारा रिमोट आणला. पॉल लिपशुत्झ या अभियंत्याच्या नावावरून फ्रान्समध्ये त्याला 'प्लिप' म्हणू लागले. माणूस दारापासून चार पावले लांब गेला, पण बटण दाबावे लागत होते. उघडण्याची इच्छा तरी त्याला बोटाने सांगावी लागत होती. पुढे किल्लीच्या मुठीत चिप आली. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्याने चिपला प्रश्न विचारायचा, बरोबर उत्तर आले तरच इंजिन चालू राहायचे. हा इमोबिलायझर. जर्मनीने १९९८ पासून नव्या गाड्यांत तो सक्तीचा केला. एवढ्याशा चिपेचे मोल किती, ते अमेरिकेत २०२१-२२ मध्ये दिसले. तिथे विकलेल्या किया आणि ह्युंदाईच्या किल्ली फिरवून चालू होणाऱ्या अनेक गाड्यांत इमोबिलायझर नव्हता. यूएसबी केबलचे टोक इग्निशनमध्ये घालून त्या चालू करण्याची युक्ती समाजमाध्यमांवर फिरली आणि शहरोशहरी पोरांनी गाड्या पळवल्या.

इमोबिलायझरच्या पाठोपाठ, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मर्सिडीजने एस-क्लासमध्ये दारासाठी बटण दाबणेही काढून टाकले. खिशात ती बटणांची डबी, म्हणजे फोब, असला की हँडलला हात लावा, दार उघडेल. आत बसा, बटण दाबा, इंजिन चालू. श्रीमंतांच्या गाडीतली ही गोष्ट आज आपल्याकडे मध्यम किमतीच्या हॅचबॅकमध्ये आहे. जानेवारी २०२३ मध्ये होंडाने ॲक्टिव्हालाही स्मार्ट की दिली. म्हणजे हा विषय आता बंगलेवाल्यांचा राहिलेला नाही.

खिशातला फोब चालतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण चोराने ते फार आधी समजून घेतले. हँडलला हात लागताच गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झचा एक क्षीण संदेश सोडते. तो एक-दोन मीटरच्या पलीकडे जात नाही. तो ऐकून फोब जागा होतो आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देतो. हे उत्तर मात्र बरेच लांब पोचते. गाडीचा तर्क असा, की माझा एवढा हळू आवाज ज्याने ऐकला तो जवळच असणार. इथे अंतर कोणी मोजलेले नसते, ते गृहीत धरलेले असते.

झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील ऑरेलियँ फ्रान्सियों, बोरिस दानेव आणि स्रजान चापकुन यांनी नेमके या गृहीतकावर बोट ठेवले. त्यांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. आठ कंपन्यांच्या दहा गाड्या त्यांनी तपासल्या आणि दहाही उघडल्या. त्यांनी कुठलाही सांकेतिक कोड फोडला नाही. गाडीपाशी एक अँटेना, फोबपाशी दुसरी, आणि मध्ये संदेश पोचवणारी तार किंवा रेडिओ. गाडीची कुजबुज घरातल्या फोबच्या कानी नेऊन घातली, फोबने इमानदारीने खरे उत्तर दिले, आणि गाडीला वाटले मालक हँडलपाशी उभा आहे. एकदा इंजिन चालू झाले की फोब लांब गेला म्हणून गाडी बंद पडत नाही, फक्त सूचना देते. चालत्या गाडीचे इंजिन मध्येच बंद होणे धोक्याचे म्हणून ही मुद्दाम केलेली रचना आहे. चोराला तेवढे पुरते.

सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी सॉलिहल गावातले एक चित्रण लोकांसमोर ठेवले. दोन माणसे एका घरासमोर येतात. एक जण हातातली पेटी घराच्या दाराजवळ आणि भिंतीलगत फिरवतो, दुसरा मर्सिडीजपाशी थांबतो. मिनिटभरात गाडी जाते. काच फुटत नाही, भोंगा वाजत नाही. जर्मनीच्या एडीएसी या वाहनधारकांच्या संघटनेने नंतर शेकडो गाड्या याच पद्धतीने तपासल्या आणि त्यांतल्या बहुतेक उघडल्या.

आपल्याकडे हा धोका सगळ्यांना सारखा नाही. नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला फोब आणि तळघरात उभी गाडी यांच्यात काँक्रीटचे इतके थर असतात, की चोराला सोपा मार्ग दुसरीकडे मिळतो. पण नाशिक, कोल्हापूर, सांगलीकडे अंगणात गाडी आणि दाराच्या आत, चपलांच्या वर, किल्ल्यांचा आकडा अशी घरे हजारोंनी आहेत. रो-हाऊसमध्येही तेच. त्यांच्यासाठी उपाय स्वस्त आहे. फोब आतल्या खोलीत ठेवावा, किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डबा कामाचा आहे का, हे स्वतः पाहता येते: फोब डब्यात बंद करून डबा हातात धरा आणि गाडीच्या हँडलला हात लावा. दार उघडले तर तो डबा साखरेलाच ठेवा. काही कंपन्यांनी फोबमध्येच हालचाल ओळखणारा भाग बसवला आहे. फोब काही वेळ टेबलावर निपचित पडला की तो झोपी जातो आणि बाहेरून कितीही हाका मारल्या तरी उठत नाही. फोर्डने युरोपात २०१९ मध्ये तो फिएस्टा आणि फोकसला दिला. गाडी घेताना हे विचारायला हवे. ब्रेकचे किंवा एअरबॅगचे आपण विचारतो तसे.

इथे किल्लीवर सगळा दोष ढकलणेही बरोबर नाही. दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे नवी किल्ली गाडीला शिकवणारी यंत्रे सापडल्याच्या बातम्या वारंवार येतात. काच फोडून आत शिरायचे, डॅशबोर्डखालच्या निदान-सॉकेटला यंत्र जोडायचे आणि कोऱ्या किल्लीची ओळख पटवून द्यायची. २०२२ मध्ये लंडनमध्ये इयन टेबर या वाहनसुरक्षेच्याच संशोधकाची टोयोटा रॅव्ह-४ चोरीला गेली. चोरांनी हेडलॅम्पमागच्या तारांतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात खोटे संदेश घुसवले होते. टेबर आणि केन टिंडेल यांनी ती पद्धत शोधून २०२३ मध्ये उघड केली. अशा चोरीपुढे फोब, कार्ड, फोन सगळे सारखेच. तिथे स्टीअरिंगला लावायचा लोखंडी दांडा आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून बसवलेला लपवलेला स्विच अजून उपयोगी पडतो.

आता कार्ड. कार्ड म्हटले की एकच वस्तू डोळ्यांसमोर येते, पण बाजारात दोन वेगळ्या जाती आहेत. रेनोने २००१ च्या सुमारास लागुनाबरोबर कार्ड आणले आणि आपल्याकडे कॅप्चर व कायगरमध्ये ते दिले. हे कार्ड म्हणजे कार्डाच्या आकाराचा फोबच. आत सेल, बाहेर बटणे, आणि वर सांगितलेला खिशातून ओळखण्याचा प्रकार. दुसरी जात टेस्लाने २०१७ मध्ये मॉडेल ३ बरोबर रूढ केली. त्यात सेल नाही, बटण नाही. दारांमधल्या खांबावर कार्ड टेकवायचे, आत कन्सोलवर ठेवायचे, गाडी निघते. मेट्रोचे कार्ड ज्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या एनएफसीवर चालते त्यावरच हे चालते, आणि त्याचा पल्ला काही सेंटीमीटर. १५ जुलै २०२५ ला टेस्लाने मुंबईत बीकेसीला पहिले दालन उघडले, तेव्हापासून हे कार्ड आपल्याकडेही दिसू लागले. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या नव्या विद्युत गाड्यांनीही एनएफसीचा रस्ता धरला आहे.

मला हे दुसरे कार्ड मनापासून आवडते. त्याची तक्रार सगळे एकच करतात: हातात भाजीच्या पिशव्या असताना खिशातून काढावे लागते. पण त्या काढण्यातच त्याची ताकद आहे. गाडी तुम्हाला दारापाशी यायला लावते आणि उघडायची इच्छा हाताने सांगायला लावते. रात्री घरात पाकिटात पडलेल्या कार्डाशी अंगणातून कोणी बोलू शकत नाही. ते पावसात भिजले तरी चालते. सेल संपण्याचा प्रश्नच नाही. अभेद्य मात्र तेही नाही. आयओॲक्टिव्ह या संस्थेच्या संशोधकाने २०२२ मध्ये टेस्ला मॉडेल वायवर दाखवून दिले, की एक साथीदार मालकाच्या खिशाला जवळजवळ चिकटला आणि दुसरा गाडीपाशी उभा राहिला तर एनएफसीचा संवादही लांबवता येतो. विरार लोकलमध्ये कोणाच्या खिशाला चिकटणे अवघड नाही, हे खरे. पण तुमची गाडी कुठे उभी आहे हे ठाऊक असलेला साथीदार त्याच क्षणी तिथे हवा. शिवाय टेस्लामध्ये गाडी हलवण्यापूर्वी चार आकडी पिन मागण्याची सोय २०१८ पासून आहे. ज्या गाडीत अशी पिन आहे, तिथे ती चालू करून ठेवावी, किल्ली कुठलीही असो.

फोनच्या बाबतीत सगळ्यात मोठी अडचण शोरूममध्येच सुरू होते. 'डिजिटल की' या एका नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, ॲपमधून इंटरनेटमार्गे कंपनीच्या सर्व्हरला हाक मारायची आणि सर्व्हरने गाडी उघडायची. तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज नसली की ती मुकी होते. १९ नोव्हेंबर २०२१ ला टेस्लाचा सर्व्हर कोलमडला तेव्हा ॲपवर विसंबलेले कित्येक मालक आपल्याच गाडीबाहेर ताटकळले. दोन, ब्लूटूथ. एमजीने कॉमेटमध्ये ही किल्ली दिली. ब्लूटूथला इंटरनेट लागत नाही, पण फोन किती जवळ आहे हे ते संदेशाच्या जोरावरून ताडते, म्हणजे फोबचीच जुनी चूक नव्या अंगरख्यात. एनसीसी ग्रुप या सुरक्षा-संशोधन कंपनीच्या सुलतान कासिम खान यांनी २०२२ मध्ये ब्लूटूथचा संवाद लांबवून टेस्ला उघडून दाखवली. तीन, फोनमधले एनएफसी. ह्युंदाईने सप्टेंबर २०२४ च्या अल्काझारमध्ये ते दिले. हँडलला फोन टेकवायचा, म्हणजे व्यवहार कार्डासारखाच. आणि चार, अल्ट्रा-वाइडबँड.

हा चौथा प्रकार खरोखर वेगळा आहे. इथे गाडी जोर पाहत नाही, वेळ मोजते. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जाते. संदेश गेला आणि उत्तर आले, यात किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचे. मध्ये चोराने कितीही चांगली यंत्रे लावली तरी तो वेळ वाढवू शकतो, घटवू शकत नाही. प्रकाशाहून वेगाने निरोप पोचवण्याचे यंत्र कोणाकडे नाही. टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरने २०१८ पासून आपल्या फोबमध्येच हे तंत्र घालायला सुरुवात केली, आणि एडीएसीच्या चाचण्यांत ज्या थोड्या गाड्या टिकल्या त्या या तंत्राच्या होत्या. म्हणजे फोन चांगला आणि फोब वाईट असे नाही. कोणते तंत्र आत आहे, त्यावर सगळे ठरते. फोनवाले, गाडीवाले आणि चिपवाले यांच्या कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्टियमने २०२१ मध्ये डिजिटल कीची तिसरी आवृत्ती काढली, तीत अल्ट्रा-वाइडबँड आणि ब्लूटूथ एकत्र आहेत. संशोधक इथेही स्वस्थ बसले नाहीत. चापकुन ज्यात आहेत अशाच एका चमूने २०२२ मध्ये संदेशाची वेळ चुकवून १२ मीटरचे अंतर शून्य भासवून दाखवले. मात्र फार तर ४ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. रस्त्यावरच्या चोराला ती गोष्ट अजून परवडणारी नाही.

म्हणून विक्रेत्याला 'डिजिटल की आहे का' असे विचारू नये. ती इंटरनेटवर चालते, ब्लूटूथवर, टेकवून, की अल्ट्रा-वाइडबँडवर, असे विचारावे. त्याला माहीत नसेल तर त्याने वर्कशॉपला फोन लावावा. लाखो रुपयांच्या वस्तूसाठी दहा मिनिटे थांबणे जड नाही.

फोनला आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. ॲपल स्वतःच आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगते. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि डॅशबोर्डवर विसरलेला फोन स्वतःला बंद करून घेतो. बॅटरी संपल्यावरही आयफोनमधली टेकवायची किल्ली पाच तासांपर्यंत चालते, पण हे सगळ्या फोनांना लागू नाही. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी किल्लीचे ॲप गुपचूप झोपवतात आणि मग मालक दारापाशी फोन हलवत बसतो.

याउलट फोबची बॅटरी संपली म्हणजे सगळे संपले, असे समजून टोइंगवाल्याला बोलावणारे लोक मी पाहिले आहेत. तशी गरज नसते. बहुतेक फोबच्या पोटात एक लोखंडी पाते लपवलेले असते, त्याने दार उघडते. मग तो निर्जीव फोब स्टार्टच्या बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागेला टेकवायचा. जुन्या इमोबिलायझरची चिप अजून आत असते आणि तिला सेल लागत नाही. गाडीच्या वेटोळ्यातूनच ती वीज घेते. ही माहिती डिलिव्हरीच्या वेळी पेढ्याच्या बॉक्सबरोबर द्यायला हवी.

पण माझ्या मते निवडीचा खरा कस लागतो तो किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना. ही यंत्रणा ज्यांनी कागदावर आखली, त्यांच्या कल्पनेतला माणूस एकटा राहतो, स्वतः गाडी चालवतो आणि स्वतःच्या गॅरेजमध्ये लावतो. आपल्या गाडीची किल्ली सकाळी ड्रायव्हरकडे, दुपारी गाडी धुणाऱ्याकडे, संध्याकाळी हॉटेलच्या व्हॅलेकडे आणि रात्री वॉचमनच्या केबिनमधल्या खिळ्यावर असते. दादर, गिरगाव, ठाण्याच्या जुन्या सोसायट्यांत गाडीमागे गाडी लागते. पहाटे पाचला मागची गाडी काढायची तर पुढच्याची किल्ली वॉचमनकडे लागतेच. ज्याची किल्ली फक्त फोनमध्ये आहे, त्याच्या दाराची बेल त्या पहाटे वाजते.

फोनवरून किल्ली वाटता येते, वाटलेली परत घेता येते, काही गाड्यांत वेगावर मर्यादाही घालता येते. हा मोठा गुण आहे. फोब हरवला तर तो गाडीच्या स्मरणातून काढायला सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. नव्या फोबला काही हजार रुपये पडतात, महागड्या गाड्यांत त्याहून बरेच जास्त. फोन हरवला तर घरी बसून किल्ली रद्द होते. पण ही वाटणी घेणाऱ्याकडेही तसा फोन हवा. स्वस्त फोनमध्ये एनएफसी बहुधा नसतेच, अल्ट्रा-वाइडबँड तर महागड्या फोनांपुरते आहे. दहा-बारा हजारांचा फोन वापरणाऱ्या ड्रायव्हरला मालकाने पाठवलेली किल्ली उघडताच येत नाही. त्याच्या हाती द्यायला वस्तूच लागते. इथे एनएफसी कार्डाला तोड नाही: पातळ, सेलशिवाय चालणारे, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून वॉचमनच्या खिळ्याला अडकवता येणारे, आणि हरवले तर गाडीच्या पडद्यावरून रद्द करता येणारे.

रस्त्याकडेला छत्रीखाली बसणाऱ्या किल्लीवाल्याला या साऱ्यात विसरू नये. कानशीने घासून डुप्लिकेट करणारा माणूस आता प्रोग्रॅमिंगचे यंत्र बाळगतो. एकाने मला सांगितले, "साहेब, आधी आरसी दाखवा म्हणतो मी. नाही दाखवली तर काम घेत नाही." सगळेच असे वागत असतील असे नाही, पण त्याने पाळलेली ही शिस्त सगळीकडे नियम म्हणून यायला हवी. एनएफसीची आणि फोनची किल्ली त्याच्या हातून काढून घेते ती त्याची रोजीरोटी, आणि आपल्याकडून काढून घेते कंपनीबाहेरचा पर्याय. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणे थांबवले, तळेगावचा कारखाना नंतर ह्युंदाईकडे गेला. तरी त्यांच्या शेवरोलेट बीटची किल्ली बाजारात आजही बनवून मिळते. अमेरिकेत फिस्कर ही विद्युत गाड्यांची कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा ओशन गाडीच्या मालकांना पहिली चिंता पडली ती सर्व्हर आणि ॲप यांची. ज्या गाडीची एकमेव किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर जगते ती मी घेणार नाही, किंमत कितीही कमी असो.

माझ्यापुरते उत्तर असे: रोजच्या वापराला अल्ट्रा-वाइडबँडचा फोन किंवा फोब, पाकिटात एक एनएफसी कार्ड, ड्रायव्हरकडे दुसरे. गाडीत नुसता जुना खिशातला फोबच असेल तर रात्री तो डब्यात. आणि ब्लूटूथची किल्ली असेल तर सोबत पिन.

विम्याचेही पाहून ठेवावे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि एक नसली की दावा अडतो. किल्ली फोनमध्ये असेल तर दावा करताना काय दाखवायचे, हे पॉलिसी घेतानाच ई-मेलने विचारून उत्तर जपून ठेवावे.

जुनी गाडी घेताना तर हे सगळे दुप्पट लागू होते. आयबीएमच्या चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये सांगितले होते, की गाडी विकून काही वर्षे लोटली तरी जुन्या फोनवरच्या ॲपमध्ये ती त्यांना दिसत होती आणि उघडताही येत होती. विकणाऱ्याच्या मनात पाप असावे लागत नाही, विसरणे पुरते. म्हणून सौद्याच्या दिवशी टायर आणि इंजिन पाहून झाल्यावर विकणाऱ्याला शेजारी बसवावे आणि पडद्यावरची किल्ल्यांची यादी उघडायला सांगावी. त्याच्या, बायकोच्या, मुलाच्या फोनची नोंद आपल्यासमोर पुसून घ्यावी. कंपनीच्या ॲपमधून त्याने गाडी काढल्याचा संदेश पाहावा. दोन्ही फोब किंवा दोन्ही कार्डे हाताने दार उघडून तपासावीत. पडदा नसलेली गाडी असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन जुने फोब पुसून फक्त हे दोनच नोंदवून घ्यावेत. आरसीच्या हस्तांतराच्या कागदांवर सह्या आणि उरलेली रक्कम त्यानंतर.